माळव्याकडून मथुरेस

३ डिसेंबर १९३९

व्यंकटराव मास्तरांना नाही म्हणायचे ठरवून घरून निघालो होतो आणि हो म्हणून परत आलो. त्यांच्या इतिहासप्रेमी मंडळाची बैठक संक्रांतीनंतर परभणीस आहे. या खेपेस तलवारी आणि सनदा नकोत म्हणे. प्रत्येकाने आपल्या घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची, आकार, वजन, घडण, झीज, खुणा सगळे नोंदवायचे आणि त्यावर निबंध वाचायचा. "वस्तूची साक्ष काढा, वकीलसाब. तुमचा रोजचाच धंदा हाय," मास्तर म्हणाले. मी खूश झालो आणि फसलो.

रोजचा धंदा म्हणजे मुन्सफ कचेरीत उर्दूत अर्ज खरडणे. निजाम कॉलेजात इतिहास घेऊन पदवी मिळवली तेव्हा अर्जच लिहीन असे वाटले नव्हते. पण आता त्रेचाळिसाव्या वर्षी इतिहासाची आठवण होणे हे खरे प्रेम की नुसती कुरकुर, हे मलाच ठरवता येत नाही.

घरभर फिरलो. अडकित्ता नवा. पाटा-वरवंट्याबद्दल काय लिहिणार? शेवटी न्हाणीतले तांब्याचे गंगाळ निवडले. बंबातले पाणी त्यात काढून आम्ही सगळे त्यातच आंघोळ करतो. आठवते तेव्हापासून तिथेच आहे. जुनेच असणार.

५ डिसेंबर

गंगाळ ओसरीत आणले. तोंडाचा व्यास बावीस इंच, उंची अकरा. दोन पत्रे ठोकून एकात एक दाते बसवून जोडलेले. जोड बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. दोन कड्या, त्यांतली एक नंतर बसवलेली, कारण तिच्या बुडाशी डाग वेगळा आहे. काठ एका बाजूला झिजून गुळगुळीत. बाहेरून एका जागी मोठा पोचा.

पोच्यावर मी बराच वेळ विचार केला. वजनदार भांडे एवढे आत दबायचे तर उंचावरून पडले असले पाहिजे. उंटाच्या पाठीवरून, असे लिहिले.

ही पदराला हात पुसत बाहेर आली. "गंगाळ ओसरीत काहून आणलं?"

"तपासून राहिलोय."

"त्याला काय झालंय?"

"काही झालं नाही. साक्ष काढतोय."

"मग विजीनं आंघोळ कशात करायची? आणि तुमी? कचेरीला तसेच जाता का?"

मी पोचा दाखवून उंटाची गोष्ट सांगितली. ही एवढी हसली की चुलीवरचे दूध उतू गेले आणि तेही माझ्याच माथी आले. पोचा आमच्या विजयाने पाडला आहे. दोन वर्षांची असताना गंगाळात उभी राहून नाचत होती, ते कलंडून न्हाणीतल्या दगडावर आपटले. मी त्या वेळी घरातच होतो म्हणे.

उंट खोडला. बादलीत आंघोळ केली. पाणी पुरले नाही.

८ डिसेंबर

कळमनुरीचे तातेराव कचेरीच्या कामाने आले होते, जेवूनच गेले. विजयाचे लग्न त्यांच्या रामचंद्राशी ठरले आहे. मुलगा मास्तर आहे, शांत आहे. विजयाने त्याला चोरून पाहिले आणि नापसंत केले नाही. अशी स्थळे रोज येत नाहीत.

निघताना चपला घालता घालता ते म्हणाले, "आमच्या घरातून, रामच्या आईनं, एक निरोप दिलाय, सांगायचा राहिला. सुनेचं नाव जानकी ठेवायचं. राम म्हटल्यावर जानकीच पाहिजे, असं तिचं म्हणणं."

मी "बरं" म्हणालो. दुसरे काय म्हणणार? सगळ्याच मुलींची नावे बदलतात.

ते गेल्यावर विजया समोर येऊन उभी राहिली. सतरा वर्षांची मुलगी, सातवी पास, माझ्याशी कधी वर मान करून बोलली नाही. म्हणाली, "बाबा, मला विजयाच राहायचंय."

"अगं, नावात काय आहे?"

"तेच म्हणते मी. काही नसेल तर राहू द्या ना."

कचेरीत मी याला उत्तर दिले असते. मी म्हणालो, कळमनुरीस जाईन तेव्हा बोलतो. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. मग जाता जाता वळून तिने विचारले, "आईचं माहेरचं नाव काय होतं हो?"

"चिमी," मी म्हणालो. लग्नात हिचे माहेरचे सगळे हिला चिमी म्हणत होते, एवढे स्पष्ट आठवते.

स्वयंपाकघरातून ही बोलली, "चिमी तर मांजरीलाही म्हणतात."

मग मायलेकींची आत कुजबुज. वैताग येतो. मी एक निबंध लिहायला बसलो आहे, आणि घरात मांजरीचे नाव निघते.

१० डिसेंबर

अक्षरे सापडली!

आज सुट्टी. सखुबाई भांडी घासायला आली तेव्हा तिला बाजूला करून मी स्वतः चिंच आणि मीठ घेऊन बसलो. ती कपाळावर हात मारून गेली. काठाच्या खालच्या अंगाला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे ठिपक्याठिपक्यांनी नाव घातल्यासारखे काही लागले. भांड्यावर नावे घालतात तशी. बरेच ठिपके चिंचेने आणि राखेने झिजले आहेत. विजयाला आरसा धरायला बसवले, उन्हाचा कवडसा पाडला, वरून कागद ठेवून पेन्सिल घासली. मिळाले ते असे:

मा–कडून मथुरेस शके १–३५

'मा' नंतरचे गेले आहे. आकड्यातला दुसरा अंक अर्धवट आहे, सात किंवा आठ. मथुरेस मात्र ठळक. बाकीच्या अक्षरांवरून राख फिरली, या चार अक्षरांवर जणू कोणी घासलेच नाही.

मी विजयाला म्हणालो, "मथुरेस! पोरी, हे भांडं मथुरेपर्यंत जाऊन आलंय."

तिने आरसा खाली ठेवला आणि आत पळाली. आतून हिचा आवाज आला, "सांगू नको गं. बघू तरी, कधी कळतंय ते." बहुधा संक्रांतीला मला काही नवे धोतर वगैरे घेण्याचा बेत असावा.

१४ डिसेंबर

चार दिवस याच विचारात. कचेरीत एका अर्जात फिर्यादीचे गाव मथुरा लिहिले. मुन्सफांनी चष्म्यावरून पाहिले.

'मा' म्हणजे माळवा. माळव्याकडून मथुरेस. आमच्या घराण्यातले कोणी तरी शके १७३५ मध्ये उत्तरेकडे गेले. शिंदे-होळकरांची माणसे त्या वाटेने जात होतीच. परंतु एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही: त्या सुमारास मथुरा दहा वर्षे इंग्रजांकडे होती. तेव्हा फौजेबरोबर नव्हे, यात्रेला गेले असावेत. यात्रेला बावीस इंची गंगाळ घेऊन कोण जाते, हा प्रश्न राहतो.

आणखी एक. 'ळव्या' या दोन अक्षरांना जागा पुरत नाही. मोजून पाहिले. विजयाही म्हणाली, "बाबा, तिथं एकच अक्षर बसतं." तिचे डोळे हसत होते. मुलीला इतिहासाची आवड लागते आहे, हे समाधान.

आणि तो अंक. मला सात दिसावा असे वाटते म्हणून सात दिसतो आहे का? उन्हात पाहिले की सात, सावलीत आठ. मी कचेरीत असल्या पुराव्यावर कोणाला दंडही होऊ दिला नसता.

शेवटी हिलाच साक्षीला घेतले. न्हाणीशी वीस-पंचवीस वर्षे हिचाच संबंध. विचारले, "हे गंगाळ मूळचं कुठलं, काही माहीत आहे?"

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मथुरेचंच हाय ते."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? लिहिलंय की त्याच्यावर."

"पण खात्रीनं?"

"माझ्याइतकी खात्री कोणाला असणार?"

नोंद केली: घरातल्या परंपरेनेही गंगाळ मथुरेचेच मानले जाते.

२३ डिसेंबर

सर्व्हिस मोटारने कळमनुरीस जाऊन आलो. वाटेत दोनदा बंद पडली. गंगाळ बरोबर नव्हते, तरी माझ्या बोलण्यात तेच होते, हे परतताना मोटारीत बसल्यावर लक्षात आले.

नावाचे काढायचेच होते. चहा झाला, पानसुपारी झाली. तातेरावांनी विचारले, "हिंगोलीत काय विशेष?" आणि मी माळव्यापासून सुरुवात केली. त्यांना फार रस वाटला. दोन तास गेले. तेवढ्यात त्यांची बायको पार्वतीबाई दाराआडून बोलल्या, "वकीलसाहेब, आंदणाच्या भांड्यांवर नाव घालाल ते जानकी असंच घाला. मागून घोळ नको. आमच्या थोरल्या सुनेच्या वेळेस अर्धी भांडी माहेरच्या नावानं आली, आजपर्यंत लोक विचारतात ही चंद्रभागा कोण."

आता बोलायचे, असे मी ठरवले. तोंड उघडले. तोंडातून निघाले, "बरं."

घरी विजया दारातच उभी होती. "बोललात?"

"विषय निघाला."

ती वळून आत गेली. हिने ताट वाढले आणि आज पहिल्यांदाच गंगाळाबद्दल काही विचारले नाही. मला वाटते तो जास्त मोठा राग होता. पण मी काय करू? लग्न मोडायचे का एका नावापायी? मी भित्रा आहे की व्यवहारी, याचा निकाल मला लावता येत नाही. एवढे खरे, की माळव्याबद्दल बोलताना मी मुळीच भीत नव्हतो.

२ जानेवारी १९४०

निबंध पूर्ण. गंगाळ न्हाणीत परत. चिंचेने एवढे लखलखते की सखुबाई त्याला हात लावत नाही. म्हणते, "देवघरात ठेवा आता."

२२ जानेवारी

काल परभणीस निबंध वाचला. गंगाळ पोत्यात गुंडाळून रेल्वेने नेले, पूर्णेला गाडी बदलताना हमालाने विचारले, "यात काय हाय साहेब, देव हाय का?"

चाळीसेक मंडळी होती. 'माळव्याकडून मथुरेस' हे शीर्षक वाचताच टाळ्या. सगळ्यांनी गंगाळाला हात लावून पाहिला. व्यंकटरावांनी सांगितले की निबंध मंडळाच्या अंकात छापणार. पाठीमागून एका म्हाताऱ्या सद्‌गृहस्थांनी मात्र विचारले, "वकीलसाहेब, गावाहून गावास असं भांड्यावर कोण लिहितं? भांडं काय पाकीट हाय का?" लोक हसले. मी उत्तर दिले, पण ते उत्तर मला स्वतःला पटले नाही आणि गाडीत झोप लागली नाही.

घरी आल्यावर हिला सगळे सांगितले. ही चूल सोडून जवळ येऊन बसली, असे सहसा होत नाही.

"म्हणजे सगळ्यांसमोर मथुरेचं नाव घेतलंत म्हणा."

"घेतलं म्हणजे? निबंधच त्यावर आहे."

"मोठ्यानं?"

"मागच्यांना ऐकू जायला पाहिजे ना."

"किती वेळा?"

"कोण मोजतं? पंधरा-वीसदा तरी आलं असेल."

हिने पदर तोंडाला लावला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. विजया दाराशी होती, ती म्हणाली, "आणि उखाण्याशिवाय!" दोघी हसत सुटल्या. हिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते पुसत म्हणाली, "चाळीस माणसांत घेतलं गं. आणि घरात सव्वीस वर्षांत एकदा न्हाई."

मी विचारले, काय नाही घेतले? तर म्हणे, "जेवायला बसा."

माझ्या कामाची घरात अशी थट्टा होते. उद्या मी सनद घेऊन आलो तरी या दोघी हसतील. लग्नाचे घर म्हणून गप्प बसतो.

११ फेब्रुवारी

आजचे सगळे क्रमाने लिहितो. जमेल तसे.

सेनगावहून काल गंगूताई आली. माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून दिरांच्या घरी असते, पण आमच्या घरचे कार्य तिच्याशिवाय होत नाही, असे तिचे मत आहे. आज सकाळी कासार नवी भांडी घेऊन ओसरीत बसला. हंडे, घागरी, ताटे, तपेली, सगळे चकचकीत. बारीक छिन्नी आणि हातोडी काढून त्याने विचारले, "नाव काय घालायचं?"

गंगूताई म्हणाली, "सौभाग्यवती जानकी घाल."

कासाराने छिन्नी टेकवली. विजया दारात होती. ती रडली नाही; नुसती माझ्याकडे पाहत राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होते.

ही म्हणाली, "थांबा." मग माझ्याकडे वळून, कासारासमोर, ताईसमोर: "तुमी बोलणार होतात कळमनुरीला."

"राहून गेलं."

"काय बोलायचं होतं?" ताईने विचारले.

"पोरीला तिचं नाव बदलायचं न्हाई," ही म्हणाली.

"हे काय नवीन! नाव बदलल्यानं मेलंय का कोणी? तुझंच बघ. मथुरा आलीस, द्वारका झालीस. काही अडलं? तुझ्या सासऱ्यांनी, बापूंनी, किती हौसेनं ठेवलं होतं! भर मांडवात म्हणाले, आमचा माधव मथुरेत राहायचा न्हाई, तो द्वारकेलाच जायचा. सगळा मांडव हसला होता."

"हसला, बराबर," ही म्हणाली. "मी अकरा वर्षांची होते. मला कळलं न्हाई, माझ्या नावाला लोक काहून हसून राहिलेत."

कासार उगाच एक ताट पुसू लागला.

मी उठून न्हाणीत गेलो. गंगाळ पालथे केले, दार उघडून उजेड घेतला. 'मा' नंतर एकाच अक्षराची जागा. ते अक्षर 'मा'च. मामाकडून. मामाकडून मथुरेस, शके १८३५. आमच्या लग्नाचे वर्ष. हट्टा गावचे तिचे मामा, उंच, किनऱ्या आवाजाचे, त्यांनी भाचीला न्हायला गंगाळ दिले होते आणि नाव घालताना आमच्या घरचे नाव घातले नव्हते.

प्रामाणिकपणे लिहितो: पहिला विचार आला तो निबंधाचा. चाळीस माणसे, टाळ्या, छापखाना. मग उंट आठवला. मग तो म्हातारा. मग पंधरा-वीसदा. आणि मग कानाच्या लाल पाळ्या.

सगळी बाकीची अक्षरे राखेने झिजली, ती चारच ठळक का राहिली, हेही तेव्हा कळले. सखुबाईच्या आधी इतकी वर्षे रोज कोण घासत होते, आणि कुठे हात हलका करत होते.

बाहेर आलो. ही मान खाली घालून उभी होती. मी कासाराला म्हणालो, "लिहा. वडिलांकडून विजयेस."

गंगूताई उठून उभीच राहिली. "माधव, सोयरीक मोडशील!"

"सगळ्या भांड्यांवर," मी म्हणालो. "पळीवरसुद्धा. आणि खाली शके १८६१. आठ नीट काढा. सात वाटता कामा नये."

कासार म्हणाला, "आठ आठसारखाच काढतो की मी, साहेब."

दिवसभर टकटक चालली होती. कचेरीला गेलो नाही. कळमनुरीस उद्याच जातो. या खेपेस चहाच्या आधी बोलायचे.

१३ फेब्रुवारी

बोललो. चहाच्या आधी.

तातेराव सुपारी कातरायचे थांबले. पार्वतीबाई दाराआडून बाहेरच आल्या. "म्हणजे आमच्या घरात सुनेला काय हाक मारायची, ते आता हिंगोलीहून लिहून येणार?"

मी म्हणालो, "हाक तुम्ही मारा ती. नाव तिचं तिच्याजवळ राहू द्या, एवढंच मागणं आहे. तिला विचारल्याशिवाय मी दोनदा बरं म्हणालो, ती माझी चूक."

"आणि नाही म्हटलं तर?"

म्हणालो, "तर मी परत जाईन आणि तिला तसं सांगेन. स्थळ सोडायचं असेल तर ते तुम्ही सोडा. मी सोडणार नाही. पण जानकी म्हणून पोरगी देणार नाही."

मग पार्वतीबाईंनी विचारले, "भांड्यांवर नावं घालायची हायत ना अजून?"

"घालून झाली."

"सगळ्यांवर?"

"पळीवरसुद्धा."

त्या मटकन खाली बसल्या. "आता काय करावं! सून जानकी आणि भांडी विजयाची. पहिल्याच हळदीकुंकवाला बायका विचारतील, ही विजया कोण, कोणाची भांडी आणलीत मागून? चंद्रभागेनं आधीच जीव खाल्लाय माझा." मग तातेरावांवर उखडल्या, "हसता काय? तुमच्यानं पितळेवरची अक्षरं खोडणं होतं का?"

"माझ्यानं न्हाई होत," तातेराव म्हणाले.

"मग राहू द्या विजया! पण मी सांगते, वकिलाची पोरगी केली की असंच व्हायचं."

मी दोन्ही हात जोडले. चहा आला. तातेरावांनी गंगाळाचा विषय काढला. मी म्हणालो, त्यावर अजून तपास चालू आहे.

२७ फेब्रुवारी

लग्न पार पडले. आचारी दोनदा रुसला, वाजंत्री वेळेवर आली नाहीत, गंगूताईने मला सबंध दिवस 'सुधारक' अशी हाक मारली.

ताटात तांदूळ पसरले, रामचंद्राने अंगठी हातात घेतली. मी वाकून पाहत होतो, पार्वतीबाई दुसऱ्या बाजूने. त्याने सावकाश, मास्तरी वळणदार अक्षरात लिहिले: विजया. पार्वतीबाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "हं." नंतर पंगतीत त्यांनी तिला दोनदा 'जानकी' म्हटले. दोन्ही वेळा विजयाने हसून "ओ" दिली. मला राग आला. तिला आला नाही. तिचे नाव ताटात होते, घागरीवर होते, तिला घाई नव्हती.

पाठवणीच्या वेळी हिने तिला सांगितले, "घासताना नावावरून हात हलका फिरव."

१ मार्च

काल व्यंकटरावांकडे गेलो. निबंध मागे घेतो म्हणालो. कारण सांगितल्यावर ते डोके धरून बसले. "पण निबंध फार चांगला होता हो!" म्हणाले, "एखादं टिपण जोडून भागणार न्हाई का?" मी म्हणालो, साक्षीदाराने खरे सांगितले होते, मलाच ऐकू आले नाही, टिपणात काय लिहू? गंगाळ मथुरेचे आहे, एवढे एकच वाक्य त्यात खरे आहे. शेवटी निबंध परत घेऊनच आलो. वाटेत वाचला. भाषा बरी आहे.

घर रिकामे वाटते. गंगूताई अजून आहे. उद्या जाते म्हणते आहे, तीन दिवस झाले.

हिला विचारले की मामाचे अक्षर पुन्हा उठवून घेऊ का, कासार येतोच आहे. ही म्हणाली, "कशाला? आता वाचता येतं की तुमाला."

न्हाणीत गेलो. आज सकाळचे पाणी गंगाळात काढलेले, फार कढत. विसणाला गार पाणी पाहिजे होते. नेहमीप्रमाणे "अगं" म्हणणार, तो थांबलो. सव्वीस वर्षे मी "अगं" म्हणूनच भागवले आहे. द्वारका म्हणावे तर ते बापूंचे. आणि दुसरे माझ्या तोंडात या घरात कधी आले नव्हते, परभणीत आले होते. तसाच उघडा उभा राहिलो. फेब्रुवारी सरला तरी पहाटेचा गारठा आहे. वैताग आला. पंचेचाळिशीकडे झुकलेला माणूस, एका हाकेसाठी असा अडावा!

बाहेर हिच्या बांगड्या वाजल्या. विसणाचा तांब्या घेऊन दाराबाहेर उभीच होती. म्हणाली, "काही पाहिजे का?"

"पाणी."

"कोणाला सांगून राहिलात?"

मग मारली हाक. मोठ्याने, परभणीला मागच्यांना ऐकू गेली तशी.

स्वयंपाकघरातून गंगूताई ओरडली, "माधव! कोणाला हाका मारून राहिलास रे सकाळी सकाळी?"

मी म्हणालो, "कोणाला नाही ताई. गंगाळावरचं वाचून राहिलोय."